आजीची गोधडी तीस वर्षं टिकली, मग नवी चार वर्षांत का फाटली?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्याकडे दोन गोधड्या आहेत. एक आजीनं लुगड्यांची शिवलेली, तीसेक वर्षं अंगावर घेतलेली. तिचं बाकीचं कापड विरलंय पण धड आहे. काळे तुकडे मात्र हात लावला की भुगा होऊन पडताहेत. दुसरी चार वर्षांपूर्वी नवं सुती कापड आणून मशीनवर शिवून घेतलेली. ती टाक्यांच्या ओळीत, पट्टीनं आखल्यासारखी चिरत चाललीय. आणि तुम्ही विचारताय, पूर्वीचं कापडच चांगलं होतं का?

थोडं होतं. पण तेवढ्यानं तुमच्या दोन्ही गोधड्यांचा उलगडा होत नाही. ‘कापड जुनं झालं’ असं आपण म्हणतो त्यात चार-पाच वेगवेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. मी सव्वीस वर्षं गोधड्या शिवते, आणि शिवते त्याहून जास्त दुरुस्त करते. दुरुस्तीला आलेल्या गोधडीला मी आल्या आल्या सुई लावत नाही. आधी ती जमिनीवर पसरते आणि कुठं, कशी फाटलीय ते बघते. पातळ होऊन जाळी पडलीय, रेषेत चिरलीय, घडीवर तुटलीय, की एकाच रंगाचं कापड गेलंय, हे बघितलं की निम्मं काम होतं. तुम्ही हे सगळं आपणहून लिहिलंय, त्यामुळे गोधडी समोर नसतानाही बरंच सांगता येतं. जे तुमच्या घरच्या पाण्यावर, उन्हावर आणि वापरावर अवलंबून आहे, ते तसं म्हणून सांगेन.

आधी सुती कापड जातं कसं ते बघू. कापसाचा तंतू जेमतेम इंच-सव्वा इंच लांब असतो. असे तंतू पिळून एकमेकांना धरून ठेवले की त्याचा धागा होतो. कापड घासलं की तंतूंची टोकं बाहेर येतात, लव उठते, ती गळते, आणि धागा दिवसेंदिवस बारीक होतो. यालाच आपण विरणं म्हणतो. विरलेलं कापड मऊ असतं, हाताला लोण्यासारखं लागतं, उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं. दुसरा प्रकार वेगळाच. त्यात तंतू जागेवर असतात, पण ते आतून तुटलेले असतात. कापूस म्हणजे सेल्युलोज, लांबच लांब साखळ्यांचा पदार्थ. ऊन, आम्ल आणि ब्लीच या साखळ्या तोडतात. असं कापड दिसायला भरीव दिसतं, पण चिमटीत धरून हलकं ओढलं की कागदासारखं फाटतं आणि बोटांवर पूड राहते. मी या दोघांना विरकं आणि ठिसूळ अशी नावं ठेवलीत. विरकं कापड अजून बरंच निभावतं. ठिसूळ कापडाला टाका धरत नाही.

तुमच्या आजीच्या गोधडीत दोन्ही आहे. लुगडी विरलीत, काळं कापड ठिसूळ झालंय.

लुगड्यांचं आधी घेते, कारण ती गोधडी तीस वर्षं का टिकली याचं उत्तर तिथं आहे. नवं, कोरं कापड गोधडीला कुणी वापरत नसे, आणि त्यात गरिबीइतकाच शहाणपणाही होता. अनेक वर्षं नेसलेलं, शेकडो वेळा धुतलेलं लुगडं जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो, खळ तर कधीच निघून गेलेली असते. ते अंगाला मऊ लागतंच, शिवाय शेजारच्या तुकड्याशी भांडत नाही. गोधडी म्हणजे एकावर एक थर आणि एकाला लागून एक तुकडा. त्यातला एक आटला आणि दुसरा आटला नाही, तर दोघांमधला ताण टाक्यावर येतो आणि जो कमजोर तो फाटतो. आजीच्या गोधडीत सगळी कापडं एकाच वयाची, एकाच पाण्यातून निघालेली.

पण जुन्या लुगड्याची एक अडचण असते. ते सगळीकडे सारखं विरलेलं नसतं. कासोटा घालून नेसल्यावर बसताना जो भाग खाली येतो तो आधी जातो. पदराचं टोक बरं असतं, काठ तर बहुधा शेवटपर्यंत टिकतो. म्हणून पूर्वी बायका लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग कापून टाकत आणि उरलेले दोन धड तुकडे जोडून पुन्हा नेसत. त्याला दंड घालणं म्हणायचे. असं दंड घातलेलं लुगडं पुन्हा काही वर्षं नेसून झालं की मगच ते गोधडीत जायचं. नऊवारी म्हणजे 27 फूट. त्याची चौघडी केली की पावणेसात फूट लांब आणि पन्ह्याएवढं रुंद असं चार थरांचं पांघरूण एकाच लुगड्यात होतं. शिकलेल्या हाताची बाई ही घडी अशी घाली, की विरलेला भाग मधल्या थरांत जाईल आणि बरा भाग वर-खाली येईल. माझ्या सासूबाई लुगडं खिडकीत धरून विरलेल्या जागांवर कोळशानं खूण करायच्या आणि मगच घडी घालायच्या. मी आजही तेच करते, फक्त कोळशाऐवजी खडू घेते.

तुमच्या आजीनं ते केलं असणार. नाहीतर वरचा थर दहा वर्षांत उघडा पडला असता.

आता काळे तुकडे. हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा येतो, आणि दर वेळी लोक म्हणतात की काळं कापडच हलकं असेल. कापड हलकं नसतं, रंग जड असतो. काळा आणि गडद तपकिरी रंग कापडावर बसवायच्या जुन्या रीतींमध्ये लोखंड वापरतात. गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून काळा करायचा, तो हरड्यासारख्या तुरट पदार्थात बुडवलेल्या कापडावर छापायचा. अजरख, कलमकारी या रंगीत नक्षीच्या पारंपरिक सुती कापडांतला काळा असाच होतो. रंग पक्का आणि सुंदर असतो, पण कापडात राहिलेलं लोखंड हवेतल्या ऑक्सिजनला हाताशी धरून सेल्युलोज तोडत राहतं. म्हणून फार जुन्या कलमकारीत काळी बाह्यरेषा आधी गळते आणि तिथं चिरा पडतात. अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या क्विल्टांमध्येही तपकिरी छापाची फुलं अशीच गळलेली दिसतात. आजूबाजूचं पांढरं कापड शाबूत, आणि फुलाच्या जागी फुलाच्याच आकाराचं भोक.

दुसरा काळा गंधकाचा. स्वस्त सुती काळ्या कापडाला सल्फर ब्लॅक हा रंग सर्रास वापरतात. त्यातला गंधक वर्षानुवर्षं दमट हवेत राहिला की त्याचं थोडं थोडं गंधकाम्ल होतं आणि ते कापडाला आतून खातं. पुन्हा पुन्हा धुतल्या जाणाऱ्या कापडातून ते आम्ल निघून जातं. ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या कापडात ते तसंच राहतं. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते: रोज वापरलेली गोधडी बरी राहते आणि जपून ठेवलेली आधी जाते. तुम्ही लिहिलंय की आजी गेल्यापासून गोधडी ट्रंकेत होती आणि काढली तेव्हा काळे तुकडे गळायला लागले. हे गंधकाच्या काळ्याशी जुळतं. अर्थात काळा नेमका कुठला, हे डोळ्यांनी ठामपणे सांगता येत नाही, आणि तुमच्या कामासाठी त्यानं फरकही पडत नाही. दोन्हींचा शेवट एकच. गेलेली ताकद परत येत नाही. उरलेल्याला आधार देता येतो.

जाता जाता इरकल या साडीबद्दल सांगते, कारण आजीच्या गोधडीत इरकल असणारच. बऱ्याच इरकलींचं अंग सुती, पण काठ आणि पदर कृत्रिम रेशमाचा, म्हणजे रेयॉनचा असतो. सुती धागा ओला झाला की उलट थोडा मजबूत होतो. रेयॉन ओला झाला की त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते. त्यामुळे गोधडी धुताना सुती अंग पिळलं तरी निभावतं, आणि त्याला लागून असलेला चमकदार लाल काठ मात्र आडवा फुटतो. असा काठ दिसला तर तेवढी जागा पिळू नका.

आता नवी गोधडी. तिचं दुखणं मला जास्त जवळचं आहे, कारण ती चूक मी स्वतः केलीय. सुरुवातीच्या वर्षांत, गोधडी कायमची मजबूत व्हावी म्हणून मी नायलॉनच्या जाड दोऱ्यानं शिवायची. दोरा तुटला म्हणून गोधडी परत येऊ नये, एवढाच विचार. दोन-तीन वर्षांत तीन गोधड्या परत आल्या. दोरा अगदी जसाच्या तसा आणि कापड त्याच्या दोन्ही बाजूंनी कापलेलं. जणू विळीवर ठेवून ओढलंय. तेव्हा सासूबाईंनी जे सांगितलं ते मी आजही माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगते: दोरा कापडापेक्षा कच्चा हवा. गोधडीवर कुणी बसलं, मुलानं ओढली, तर काहीतरी तुटणारच. दोरा तुटला तर ते उसवणं झालं, दहा मिनिटांत पुन्हा टाके घालता येतात. कापड तुटलं तर तिथं ठिगळच लावावं लागतं.

तुमची गोधडी मशीनवर, बहुधा पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं शिवलीय. आजकाल मशीनचे दोरे बहुतेक तेच असतात. पण सगळा दोष एकट्या दोऱ्यावर टाकणं मला पटत नाही. पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं शिवलेल्या आणि पंधरा वर्षं छान टिकलेल्या गोधड्याही मी पाहिल्यात. त्यांच्यात टाका लांब आणि सैल होता. मशीन नेहमीच्या टाक्यावर ठेवलं तर इंचात दहा-बारा टाके पडतात. म्हणजे इंचात दहा-बारा भोकं, तीही एका सरळ रेषेत. पोस्टाची तिकिटं एकमेकांपासून सहज सुटावीत म्हणून त्यांच्या कडेला जशी भोकं पाडलेली असतात, तशीच ही रचना. त्यात सुई बोथट असेल तर ती धाग्यांच्या मधून जात नाही, धागा तोडून जाते. हातानं धावदोरा घालताना इंचात चार-पाच टाके पडतात आणि हात चालेल तशी ओळ किंचित वाकडी जाते. त्या वाकडेपणामुळे ताण एकाच उभ्या धाग्यावर येत नाही, चार धाग्यांत वाटला जातो. लोक मला म्हणतात, ओळ सरळ घाला, नीट दिसेल. मी घालत नाही.

दोरा ओढायचा किती, हाही मोठा प्रश्न आहे. आमच्याकडे म्हणतात, दोरा ओढायचा नाही, बसवायचा. टाका घातल्यावर कापडाला चुण्या पडल्या तर तो घट्ट झाला. अशी गोधडी पहिल्या धुण्यात आणखी आवळते आणि प्रत्येक टाका कापडात रुतून बसतो.

पहिल्या धुण्यावरून पुढचा मुद्दा. शिवण्याआधी कापड धुतलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की धुतलं नव्हतं. कोरं सुती कापड पहिल्या काही धुण्यांत शेकडा तीन ते पाच, सैल विणीचं असेल तर त्याहूनही जास्त आटतं. सात फुटांत शेकडा पाच म्हणजे चार इंच. आत जुन्या चादरीचा थर घातला असेल तर तो आटून बसलेला आहे, वरचा नवा आटतोय, आणि पॉलिएस्टरचा दोरा जराही आटत नाही. तिघांची ओढाताण कुठं होणार? टाक्याच्या भोकावर.

कापडाच्या जातीचंही बोलायला हवं, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच होता. पूर्वी गिरणीचं धोतर, गिरणीचं लुगडं मिळायचं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर बहुतेक गिरण्या सावरल्याच नाहीत, आणि आपल्या घरातलं साधं सुती कापड इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांवरून यायला लागलं. यंत्रमागावर चांगलं कापड होत नाही असं अजिबात नाही. मी स्वतः इचलकरंजीचंच कापड वापरते. पण स्वस्त कापडात विण विरळ ठेवून वर भरपूर खळ चढवलेली असते. दुकानात ते जाड, करकरीत लागतं, दोन धुण्यांनंतर त्याचं फडकं होतं. म्हणून मी दुकानात कापडाचा कोपरा दोन्ही मुठींत धरून जोरात चोळते. पांढरी भुकटी उडाली आणि खालची जाळी मोकळी झाली, की ते कापड ठेवून देते. दुकानदाराला आवडत नाही, पण ज्याला कापडाची खात्री आहे तो काही म्हणत नाही.

तेव्हा ‘पूर्वीचं कापड चांगलं होतं का’ याचं माझं उत्तर असं: आजीचं लुगडं गोधडीत आलं तेव्हा ते तुमच्या नव्या कापडापेक्षा नक्कीच कमकुवत होतं. तरी ते टिकलं, कारण त्याच्यावर जोर पडेल असं काही त्या गोधडीत नव्हतं. तुमच्या नव्या गोधडीत कापड बळकट आहे, पण दोरा त्याहून बळकट, भोकं दाट आणि आटणं बाकी.

आता धुण्याकडे येते. गोधडीचं निम्मं आयुष्य धुण्यात जातं असं मी म्हणते, आणि ते मनापासून म्हणते. आमच्या सातारा भागात घटस्थापनेआधी घर सारवून-पुसून झालं की घरातल्या सगळ्या वाकळा म्हणजे जाड गोधड्या, पातळ गोधड्या, लेपडी नदीवर निघायची. पाऊस ओसरलेला, नदीला वाहतं पाणी, आणि लगेच कडक ऊन. वर्षातून ते एक मोठं धुणं. दगडावर बडवायची, हो, आणि त्यानं कापड झिजतंही. पण वर्षातून एकदा. दोन-तीन बायका मिळून वाकळ उचलायच्या आणि दगडांवर किंवा झुडपांवर आडवी पसरून वाळवायच्या. ती दोरीवर कुणी टांगत नसे. दोन-अडीच किलोची वाकळ भिजली की सहज दुप्पट-अडीचपट होते. ती एका तारेवर टांगली की सगळं वजन तारेवरच्या एका रेषेवर येतं. चार वर्षांच्या गोधडीला मधोमध आडवी चीर असेल, तर मी आधी विचारते, वाळत कुठं घालता?

तुम्ही फ्लॅटमध्ये राहता, नदी नाही, मशीन आहे. मशीनमध्ये धुऊच नका असं म्हणणार नाही. पातळ, दोन-तीन थरांची, मजबूत विणीची गोधडी जाळीच्या पिशवीत घालून, कमी फेऱ्यांवर धुतली तर चालते. जाड वाकळ मात्र ड्रममध्ये एका बाजूला गोळा होते, पिळताना आदळते, आणि टाके तिथं तुटतात. तिला टबात भिजवून पायांनी तुडवणं बरं. पिळायचं नाही. गुंडाळून दाबायचं आणि पाणी निथळू द्यायचं. दोन खुर्च्यांवर काठ्या टाकून त्यावर पसरली की वजन वाटलं जातं. कपडे वाळवायचं यंत्र वापरणाऱ्यांनी एकदा त्याच्या जाळीवर जमलेला कापूस हातात घेऊन बघावा. तो तुमच्या गोधडीचाच तुकडा असतो, दर वेळी थोडा थोडा.

आणि ब्लीच नको. एका बाईंनी आईची गोधडी धुलाईच्या दुकानात दिली होती. पांढरीशुभ्र होऊन आली, बाईंना आनंद झाला, आणि सहा महिन्यांत पांढऱ्या भागांना जिथं दाबाल तिथं बोट आरपार जायला लागलं. त्यांनी ती माझ्याकडे आणली तेव्हा मला फक्त काठ वाचवता आला. तो काठ मी दुसऱ्या गोधडीला लावून दिला. डाग राहिला तर राहू द्या.

उन्हाचं मात्र मी दोन्ही बाजूंनी बोलते. ऊन हवंच. त्यानं दमटपणा जातो, कसर आणि बुरशी लागत नाही, गोधडीला तो ओळखीचा वास येतो. पण तेच ऊन रोज एकाच बाजूला लागलं तर कापड ठिसूळ होतं, रंग उडण्याच्या बऱ्याच आधीपासून. गॅलरीच्या कठड्यावर दिवस दिवस पडलेली गोधडी आणि खिडकीसमोर भिंतीवर शोभेला टांगलेली गोधडी, दोघींची गत मी पाहिलीय. वर्षातून तीन-चार वेळा, उलटी करून, दोन-तीन तास. तेवढं पुरे.

कुठली बाजू आधी जाते, हेही बघून ठेवा. डोक्याकडची कड जवळपास प्रत्येक गोधडीत आधी काळपट आणि पातळ होते. घाम, केसांचं खोबरेल, हनुवटीखाली घट्ट ओढून घ्यायची सवय. पायाकडे टाचा घासतात. मधला भाग निवांत असतो. आपण नकळत रोज एकच बाजू डोक्याकडे घेतो. मी शिवताना एका कडेला आत लाल दोऱ्याचा एक टाका घालून देते आणि सांगते, महिन्यानं बाजू बदला. ज्यांना बदलणं लक्षात राहत नाही, त्यांच्यासाठी डोक्याकडे वीतभर रुंदीची सुटी पट्टी टाचून देते. ती उसवून वेगळी धुता येते, विरली की बदलता येते. खाली अंथरायची गोधडी असेल तर तिचा शत्रू माती. बारीक रेती थरांमध्ये शिरते आणि आतून कानशीसारखी घासते. ती झटकल्यानं जाते, पाण्यानं तितकी जात नाही. म्हणून आधी झटका, मग भिजवा.

इथं थोडं थांबून तुमच्या दोन गोधड्यांपुरतं सांगते. आजीची: लुगडी विरलीत, आणि हे झिजणं तिच्या वयाला शोभेल असंच आहे. काळे तुकडे रंगानं ठिसूळ झालेत, ट्रंकेतल्या बंद, दमट वर्षांनी त्याला हातभार लावला. नवी: दाट मशीन टाका, पक्का दोरा, आणि न धुता शिवलेलं कापड, माझ्या मते याच क्रमानं. धुणं आणि वाळवणं किती कारणीभूत आहे, ते तुमची पद्धत कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

नव्या गोधडीला अजून वाचवता येतं. चिरलेल्या ओळीवर पुन्हा मशीन मारू नका. त्यानं भोकं दुप्पट होतात. आधी ज्या ओळी शाबूत आहेत त्यातली एक सोडून एक उसवून टाका, सावकाश, धारदार कात्रीच्या टोकानं दर चौथा टाका तोडत. ओळींमध्ये दीड-दोन इंच अंतर राहिलं तरी थर सरकत नाहीत. मग एक जुनी, मऊ, धुऊन धुऊन आटलेली सुती साडी घ्या आणि गोधडीच्या फाटलेल्या बाजूवर पूर्ण पसरा. कडा आत दुमडून चारी बाजूंनी टाचून घ्या आणि सुती दोऱ्यानं, हातानं धावदोरा घाला. नवे टाके जुन्या ओळींवर नकोत, त्यांच्या मधून जाऊ द्या. एवढं करायला रोज तासभर दिला तर पंधरा-वीस दिवस लागतात. ही काही माझी युक्ती नाही. वाकळा अशाच वाढत आल्यात. वरचा थर विरला की त्याच्यावर नवा चढायचा, जुनी वाकळ आतला गाभा व्हायची. एकदा दुरुस्तीला आलेली वाकळ मी कडेनं उसवली तर आत दुसरी पूर्ण गोधडी निघाली, आणि तिच्या आत धोतरांचा आणखी एक थर.

ज्यांना फक्त एखादं ठिगळ लावायचंय त्यांच्यासाठी एवढंच: ठिगळ भोकाएवढं कापू नका. भोकाभोवतीचं कापडही विरलेलंच असतं. नवा टाका त्यात घातला की महिन्याभरात ठिगळाच्या कडेनं नवी चीर पडते. चिमटीत धरत धरत बाहेर जा, जिथं कापड धड लागेल तिथपर्यंत ठिगळ न्या. आणि ठिगळाचं कापड मूळ कापडापेक्षा जाड नको. जीन्सचं ठिगळ लुगड्याला लावलेलं मी पाहिलंय. जीन्स राहिली, लुगडं गेलं.

आजीच्या गोधडीचं वेगळं. ती वापरायची की जपायची, हे आधी घरात बसून ठरवा, कारण दोन्हींची वाट वेगळी आहे. वापरायची असेल तर नव्या गोधडीसारखाच वर थर चढवावा लागेल आणि आजीचे टाके झाकले जातील. त्यात काही चूक नाही. आजीनंही कुणाची तरी झाकली असेल. जपायची असेल तर काळे तुकडे काढू नका, झटकू नका, आणि त्यांच्यावर टाकाही घालू नका. ठिसूळ कापडात सुई गेली की भोक पडतं आणि तेच पसरतं. बाजारातून पातळ मलमल आणा, दोनदा धुवा, फिका काळा किंवा करडा रंग निवडलात तर रंग जाणार नाही याची खात्री करा. तुकड्यापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठी कापा, काळ्या तुकड्यावर झाकण घातल्यासारखी ठेवा आणि शेजारच्या धड लुगड्यातच बारीक, सैल टाके घाला. मलमलीतून काळा तुकडा दिसत राहतो आणि जागेवरही राहतो.

ट्रंकेत परत घालायची असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल अडकते. जुन्या पांढऱ्या धोतरात किंवा सुती चादरीत गुंडाळा. घडी घालण्याऐवजी सुरळी करा. घडीच घालावी लागली तर दुमड पडते तिथं आत जुन्या चादरीचा बोळा ठेवा, आणि दर पावसाळ्यानंतर उघडून घडी दुसऱ्या जागी घाला. डांबरगोळ्या कापडाला थेट लागू देऊ नका, पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा.

अजून एक विचारायचं राहिलं. आजीच्या गोधडीची खालची बाजू कशाची आहे, तेही जमल्यास लिहा. ती धोतराची, मांजरपाटाची असेल आणि चिमटीत धड लागत असेल, तर मलमल लावताना टाका त्या थरापर्यंत खाली न्या म्हणजे भार तिथं जाईल. तीच ठिसूळ असेल तर मात्र हात लावायच्या आधी मला कळवा.